इरकलीवरचा वाळलेला गम: एक प्रकरण

अनंत चतुर्दशी उलटली की कुडाळातल्या माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. नवरात्रासाठी नवी साडी घेऊन येणारी, आणि गणपतीत काहीतरी बिघडवून ते पिशवीच्या तळाशी दडवून आणणारी. पूर्वी दुसऱ्या पिशवीत तेल, हळद, काजळी असायची. आता गमही असतो. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठ्याची, कागदाची, कापडाची झाली. गम तोच राहिला. फक्त आधी तो थर्माकोलला लागायचा, आता घरातल्या जुन्या साडीला लागतो.

गेल्या वर्षीचं हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण एकाच लुगड्यावर दोन जातींचे गम, दोन जातींचे धागे आणि माझ्याआधी फिरलेला एक घाईचा हात, असं सगळं एकत्र क्वचित येतं.

पिशवीतून काय निघालं

नऊवारी इरकल. गर्द हिरवं अंग, गोमीचा काठ, लाल टोप पदर आणि त्यावर फणीच्या दातांसारखी पांढरी नक्षी. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिचं अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, असतात आणि दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, हे मात्र नेसणारीलाही बऱ्याचदा माहीत नसतं. पुढे सगळं त्यावरच अडलं.

घेऊन आली ती घरातली सून. मुंबईहून आलेल्या चाकरमानी पुतण्याने चतुर्थीच्या आदल्या रात्री हे लुगडं मूर्तीमागे पडद्यासारखं ताणलं, त्यावर पांढऱ्या गमाने कागदी कमळं चिकटवली आणि काठालगत ग्लू गनने मण्यांची ओळ लावली. दिसायला झकास झालं असणार. अकरा दिवसांनी विसर्जन झालं, पुतण्या त्याच रात्रीच्या गाडीने गेला. फुलं ओरबाडून काढली गेली आणि लुगडं घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत.

पंधरा दिवसांनी ट्रंक उघडली तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या.

"काय काय लावलंस यावर?" हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर नेहमीचंच, "काहीच नाही, ताई." मग मी गप्प बसते. थोड्या वेळाने पर्समधून नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली बाहेर आली.

सासूबाई, म्हणजे आमच्या काकी, दाराशीच उभ्या होत्या. "तां माझ्या आवशीचां लुगडां गो," म्हणजे आईचं, एवढंच म्हणाल्या. "काय तां कर, पण फाडू नको."

फाटलं होतं आधीच. चिकटलेली घडी ओढून सोडवताना काठाशेजारी दोन बोटं रुंद जागेतले आडवे धागे तुटून वर आले होते. काकींना ते दिसलं नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. असल्या गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवाव्यात, नंतर त्या आपल्या माथी येतात.

गम ओळखणं

काकींचं म्हणणं होतं, रात्रभर भिजत घाल, सकाळी निघून जाईल. त्यांच्या अनुभवात ते बरोबरच होतं. त्यांच्या लहानपणी कागद चिकटायचा तो गव्हाच्या पिठाच्या खळीने, नाहीतर भाताच्या शितांनी. सुतार-रंगारी सरस वापरायचे, तोही कोमट पाण्यात विरघळतो. ती माया आताच्या गमात नाही.

आपण ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतो त्या पांढऱ्या गमात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. म्हणून ओला असताना तो दुधासारखा दिसतो आणि पाण्याने सहज धुतला जातो. पाणी उडालं की ते कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनतो. मग पाणी त्याला विरघळवू शकत नाही, फक्त फुगवतं. आणखी एक गोष्ट कोकणात महत्त्वाची. हा पापुद्रा साधारण 30 ते 40 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, आणि त्यात ओल शिरली तर त्याच्या आतच. भाद्रपदातली दमट हवा, वर घडीचा दाब, बंद ट्रंक. डाग वाळलेला दिसत होता, पण घड्या एकमेकींना चिकटवण्याइतका तो अजून नरम होता.

ग्लू गनची कांडी निराळीच. ते वितळणारं प्लास्टिक. पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, त्याला फक्त गरम-गार कळतं.

ओळखायला मी दोनच गोष्टी केल्या. ओला कापूस प्रत्येक डागावर दहा मिनिटं ठेवला. पांढरा गम असेल तर काचेसारखा पारदर्शक डाग कडेकडेने दुधाळ होतो. सतरा डाग तसे झाले, बारा अंगावर आणि पाच पदरावर. काठालगतचे नऊ ठिपके जसेच्या तसे राहिले, मेणासारखे, टोकाला कोळिष्टकासारखी बारीक तार निघालेली. ती ग्लू गनची खूण. पिवळट आणि बोटाने चोळल्यावर खोडरबरासारख्या वळ्या निघणारा चपलेचा रबरी गम नव्हता, हे आमचं नशीब. तो स्पिरिटलाही दाद देत नाही.

मग सुनेला सांगितलं, पुतण्याकडून गमाच्या बाटलीचा फोटो मागव. शाळेच्या मुलांसाठीचा धुऊन जाणारा गम वेगळा, लाकूडकामाचा पाण्याला न जुमानणारा वेगळा. फोटो आला. साधा क्राफ्टचा. हायसं वाटलं.

धागा ओळखणं

पदराच्या दशांतला एक धागा आणि लुगड्याच्या आतल्या टोकाकडून अंगातला एक धागा काढला. चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेले. अंगाचा धागा भुरकन जळला, कागद जळाल्याचा वास, बोटावर मऊ राख. सुती. पदराचा धागा रेशमाचा असता तर केस जळाल्यासारखा वास यायला हवा होता आणि टोकाला चुरगळणारी काळी गुठळी व्हायला हवी होती. तसं झालं नाही. पुन्हा कागदाचाच वास.

इथे आणखी एक साधी परीक्षा आहे. त्याच पदराचा दुसरा धागा घेतला, मध्यभागी जिभेने ओला केला आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणली. नेमका ओल्या जागी तुटला. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. ओल्यात अर्धी ताकद गमावणारा चकचकीत धागा म्हणजे व्हिस्कोस रेयॉन, बाजारात ज्याला आर्ट सिल्क म्हणतात.

काकींना सांगावं की नाही, यावर मी दोन मिनिटं घालवली. न सांगून चालणार नव्हतं, कारण पदर ओला असताना कुणी चोळू नये, ओल्या लुगड्याचा भार पदरावर येऊ देऊ नये, हे घरी पाळायला हवं होतं. काकी ऐकून थोडा वेळ पदराकडे बघत राहिल्या. "आवस तर रेशीमच म्हणायची त्येका," म्हणाल्या, आणि पदर परत माझ्या हातात दिला.

रिमूव्हरचा हिशेबही इथेच लागला. सुनेने पदरावरच्या एका डागावर ते ओतून चोळलं होतं. त्यातलं ॲसिटोन पांढरा गम खरोखर विरघळवतं, तिची युक्ती चुकीची नव्हती. पण खाली टिपायला काही नव्हतं. विरघळलेला गम पसरत बाहेर गेला, ॲसिटोन काही क्षणांत उडून गेलं आणि गम रिंगणाच्या कडेला बसला. जाताना लाल रंग घेऊन गेला, आणि तो पांढऱ्या नक्षीत मुरला. पदर ॲसिटेट रेयॉनचा असता तर त्या जागी भोकच पडलं असतं. आणि हा सगळा उद्योग देवघरात, तेवत्या समईच्या बाजूला बसून चालला होता, हे ती सहज बोलून गेली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ॲसिटोनची वाफसुद्धा पेट घेते.

शेवटची चाचणी रंगाची. पांढऱ्या फडक्याची घडी कोमट पाण्यात भिजवून प्रत्येक रंगावर दहा मिनिटं दाबून ठेवली. हिरवा हलला नाही. लाल फडक्यावर उतरला, गुलाबी. गार पाण्यात कमी, स्पिरिटमध्ये जेमतेम. हे या लुगड्यापुरतं. दुसऱ्या लाल रंगाचं उलटही होऊ शकतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात करून बघितल्याशिवाय मी बाटली उघडतच नाही.

काम

आधी ग्लू गन, मग पांढरा गम. हा क्रम उलटा केला असता तर कोमट पाण्याने प्लास्टिकचे ठिपके मऊ होऊन धाग्यांत अजून रुतले असते. इस्त्री आणि खाकी कागदाची युक्ती पुष्कळ जण सांगतात. नुसत्या ग्लू गनच्या डागाला ती चालते. इथे शेजारीच पांढरा गम होता, उष्णतेने तोही वितळून आत शिरला असता. म्हणून गारवा.

दुकानात फ्रीज नाही. घरी फ्रीजरमधले बांगडे बाहेर काढले, लुगडं एकात एक अशा दोन पिशव्यांत घट्ट बांधून आत ठेवलं आणि तासाभरात वीज गेली. आमच्याकडे हे धरूनच चालायचं असतं. दार उघडलं नाही. वीज आल्यावर आणखी दोन तास. मग एकेक ठिपका बाहेर काढायचा, कापड त्या जागी बोटावर असं वाकवायचं की ठिपका उंचवट्यावर यावा, आणि कडेला नख घालायचं. टक् असा आवाज होतो. मिनिटभरात तो पुन्हा नरम पडायला लागतो, म्हणून सगळं लुगडं बाहेर काढून बसायचं नाही. नऊपैकी सहा अखंड सुटले. तिघांचा पातळ थर राहिला. त्यांच्या मागच्या बाजूने औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट कापसाने लावलं, तीन मिनिटं थांबले आणि चिमट्याने कडेपासून सोलत नेलं. कापडाचा धागा ज्या दिशेने, त्याच दिशेने.

गारव्याचा एक वरचा फायदा झाला. पांढऱ्या गमाचे जे जाड थेंब होते, त्यांचे माथे तडकून आपोआप गळाले.

आता अंग. पदर गुंडाळून कोरड्या पंच्यात बांधला, वर प्लास्टिक, आणि टबाच्या बाहेर स्टुलावर ठेवला. डागांचा भाग तेवढा पाण्यात. पाणी 40 अंशांच्या आसपास, म्हणजे कोपर बुडवलं तर उबदार वाटेल पण चटका बसणार नाही इतकं, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब.

इथे माझी चूक सांगते. पहिले दोन डाग छान भिजलेले बघून दहाव्या मिनिटालाच मी तिसऱ्याला हात घातला. तो अर्धाच फुगला होता. चमच्याच्या कडेने खरवडला तर सुटण्याऐवजी अंगण सारवावं तसा धाग्यांवर पसरला. त्या एका डागाने पुढे बाकीच्या चारांइतका वेळ खाल्ला.

बाकीच्यांना पाऊण तास दिला, मधे एकदा पाणी बदलून पुन्हा कोमट केलं. गम पुरता भिजला की कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखा होतो, पांढरा, हलणारा, चमच्याच्या पाठीने एका तुकड्यात उचलला जाणारा. मलई झाली नसेल तर हात लावायचा नाही, हे मी आता दुकानातल्या मुलीला शहाळं फोडूनच शिकवलं आहे. विणीत उरलेले कण मऊ टूथब्रशने, धाग्याच्या दिशेने, मागून पुढे.

तीन डाग तरीही चिवट. त्यांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून पंधरा मिनिटं. आंबटाने हा गम आणखी सैल होतो. हे ऐकून काकींनी लगेच सुचवलं, मग घरात कोकमाचं आगळ आहे ना! आंबट म्हणाल तर आहेच, पण त्याचा डाग काढायला मी कुणाकडे जाऊ? शेजारणीने रॉकेल सुचवलं, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. व्हिनेगरनंतर साध्या पाण्याने तीन वेळा खंगाळलं, कारण सुती कापडात आंबट वाळू देणं बरं नाही.

पदराला पाणी नकोच. पाटावर पांढऱ्या सुती फडक्याची चौपदरी घडी, त्यावर पदर उपडा, म्हणजे गम खाली, फडक्याकडे. मागून स्पिरिटचा कापूस दाबायचा, चोळायचा नाही. दोन मिनिटांनी उचलून फडक्याची जागा बदलायची. पाच डागांना मिळून जवळजवळ तीन तास गेले. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करावं. रिमूव्हरच्या रिंगणातला गमही असाच टिपला गेला, बोटाला लागणारी कड नाहीशी झाली. पांढऱ्या नक्षीत उतरलेला गुलाबी मात्र राहिला. ब्लीचने तो गेला असता, आणि सोबत भोवतालचा लालही, आणि धागाही. तिथे मी थांबले.

वाळल्यावर

ओलं लुगडं बघून काम झालं म्हणू नये. भिजलेला गम कापडाइतकाच मऊ लागतो, डोळ्यालाही दिसत नाही. पडवीत दोरीवर, सावलीत, भार अंगावर येईल अशा बेताने घातलं. पावसाची शेवटची झड चालू होती, वाळायला दोन दिवस लागले. मग डोळे मिटून तळहात फिरवला. अंगावर दोन जागा कडक लागल्या, त्यातली एक अर्थात माझी ती सारवलेली. त्यांना पुन्हा कोमट पाणी, पुन्हा मलई, पुन्हा दोन दिवस. गम पुरता गेल्याचं पटेपर्यंत इस्त्री लावली नाही. उरलेला गम एकदा इस्त्रीखाली आत बसला की मग कसलं शहाळं आणि कसली मलई.

सतरापैकी पंधरा डागांची जागा आता मलाही शोधून सापडत नाही. सारवलेल्या जागी कापड किंचित ताठ आहे. पदरावरचं गुलाबी रिंगण आहे, साधारण आठ आण्याच्या नाण्याएवढं. फाटलेल्या जागी रफू केलं, धागे त्याच लुगड्याच्या आतल्या टोकाचे काढून. नव्या हिरव्या दोऱ्याने रफू केलं असतं तर जुन्या, विटलेल्या हिरव्यात ते लांबूनही ओरडलं असतं.

पैसे रफूचे आणि स्पिरिटचे घेतले. वेळेचे लावायला बसले असते तर नव्या इरकलीच्या किमतीच्या जवळ गेले असते. असं काम दर आठवड्याला आलं तर दुकान चालायचं नाही, हेही खरं.

काकींनी लुगडं मांडीवर घेऊन पदर उलगडला, रिंगणावर अंगठा फिरवला. "ह्यां ऱ्हवतला?" मी हो म्हटलं. त्यांनी घडी घातली, दर घडीत जुन्या धोतराचा मऊ तुकडा ठेवत.

यंदा चतुर्थीनंतर सून पुन्हा आली. या खेपेला पडद्याला चादर होती आणि पुतण्याने गम न लावता टाचण्या टोचल्या होत्या. अकरा दिवसांच्या दमट हवेत त्या गंजल्या. पांढऱ्या चादरीवर जिथे जिथे फूल होतं तिथे तांबूस ठिपका.

"लिंबू लावलंस? ब्लीच?" मी विचारलं.

"नाही ताई," ती म्हणाली. "काहीच नाही लावलं. तशीच आणलीय."

या वेळी मी तिची पर्स बघितली नाही.